मुंबईच्या बाजारात कपडे आणि हातकामाच्या वस्तू : अस्सल कसं ओळखायचं, आणि भाव करायचा की नाही?

सुरंगी
नमस्कार मंडळी,
आम्ही वर्षभरापूर्वी नागपूरहून ठाण्याला आलो. सीताबर्डी आणि इतवारी मला पाठ आहे पण मुंबईच्या बाजारांचा अजून अंदाज येत नाही. जानेवारीत धाकट्या बहिणीकडे जर्मनीला जातेय. तिच्या घरमालकीणबाई, शेजारचं एक वयस्कर जोडपं आणि ऑफिसातल्या तिघी-चौघी, ह्यांना द्यायला आपल्याकडचं, कुणीतरी खरंच हाताने केलेलं काहीतरी न्यायचंय. वजनाला हलकं आणि न फुटणारं. शिवाय मला चार-पाच सुती कुर्त्यांचं कापड घ्यायचंय. सगळं मिळून दहा-बारा हजार.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात फोर्टकडे एका ठेल्यावरून अजरख म्हणून दुपट्टा घेतला, साडेसातशेला. "मॅडम, हाथ का छापा है, कच्छ से आता है." घरी येऊन उलटा करून बघितला तर मागची बाजू फिकट पांढरी, आणि पहिल्याच पाण्यात लाल रंग बादलीभर. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट ह्याचं वाटलं की मी भाव केलाच नव्हता. कारागिराचं काम आहे, त्याच्या पोटावर पाय कशाला, असं मनात होतं.

तर हातकाम ओळखायचं कसं, कुठे जायचं, आणि अशा ठिकाणी घासाघीस करावी का, ह्यावर तुमचे अनुभव सांगा. माझं मत अजूनही असंच आहे की हातकामाच्या वस्तूचा भाव करू नये. पण डोळे उघडे ठेवून.

मोगरा७
कापडासाठी मंगलदास, मंगलदास आणि मंगलदास. बाकीचं जाणकार सांगतील.

काळबादेवीकर
मोगरा७ ला अनुमोदन. माझं लहानपण तिथल्याच गल्ल्यांत गेलंय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मंगलदास मार्केट म्हणजे क्रॉफर्ड मार्केटपासून दोन मिनिटांवर, जुम्मा मशिदीच्या शेजारी. सीएसएमटीहून चालत पंधरा मिनिटं, आणि आता मेट्रो ३ चं काळबादेवी स्टेशन झाल्यामुळे घाम न गाळता पोचता येतं. रविवारी बंद. हे दोनदा वाचा, कारण दर रविवारी कुणी ना कुणी लांबून येऊन बंद शटर बघून परत जातं. शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, जमलं तर मंगळ-बुध सकाळी अकराच्या सुमारास जा, दुकानं नुकती उघडलेली असतात आणि माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात.

आत छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाद्या, आणि ताग्यांच्या भिंती. पहिल्या फेरीत काही घेऊ नका. नुसतं फिरा. कुठल्या गल्लीत अस्तर, कुठे ब्रोकेड, कुठे छापील सुती, ते एकदा डोक्यात बसू द्या. भाव विचारायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा. चव्वेचाळीस इंची पन्ह्याला अडीच मीटरात बरा लांब कुर्ता होतो, छत्तीस इंचीला तीन मीटर लागतं. म्हणजे मीटरमागे तीस रुपये स्वस्त वाटलेलं कापड शेवटी तेवढ्यालाच पडतं. आणि रंग ट्यूबलाइटखाली कधीच ठरवायचा नाही. दुकानदाराला सांगून तागा दाराशी उजेडात न्या, कुणी नाही म्हणत नाही. ट्यूबखालचा मोरपंखी बाहेर येऊन बाटलीहिरवा झालेला मी कितीदा बघितलाय.

पण एक सांगतो, मंगलदास हे मुख्यतः गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या कापडाचं मार्केट आहे. हातमाग, हातछपाई तिथे मिळते, पण मुद्दाम शोधावी लागते.

तुळशीबागवाली
एवढं उन्हातान्हात फिरण्यापेक्षा सरळ पुण्याला या. लक्ष्मी रोड, तुळशीबाग, रविवार पेठ, सगळं चालत. आणि तुळशीबागेत भाव करायला शिकलेली बाई जगात कुठेही हरत नाही :)

काळबादेवीकर
@तुळशीबागवाली, या की पुण्याहून, भुलेश्वरला तुमच्या भाव करण्याची परीक्षा घेऊ. लेस, लटकन, गोटा, बटणं ह्यात पंचवीस रुपयांची वस्तू वीसला मागून बघा. दुकानदार "मौसी, होलसेल है" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

रंगरेज
मी ठसेछपाईचं शिक्षण घेतलंय आणि कच्छमधे काही महिने राहून काम केलंय, त्यामुळे सुरंगीच्या दुपट्ट्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

अजरखमधे रंग वरून थापत नाहीत हे आधी समजून घ्यायला हवं. ठशाने कापडावर लावतात ती बरेचदा चुना आणि डिंकाची लापशी असते, जिथे रंग चढायला नको तिथे. मग अख्खं कापड नीळीच्या हौदात बुडवतात. काळ्यासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून त्याचा रस करतात, लालसाठी तुरटी लावून मग कापड मंजिष्ठात किंवा अलिझरिनमधे उकळतात. मधे मधे कितीतरी वेळा धुणं, वाळवणं, पुन्हा छापणं. एक कापड पूर्ण व्हायला आठवडे जातात. आता कापड जर आख्खं बुडवलेलं असेल तर मागची बाजू पांढरी राहील कशी? एकाच बाजूने छापलेलं असलं तरी मागे रंग दिसतोच, आणि जुन्या पद्धतीचं जे दोन्हीकडून छापतात त्यात तर सुलट-उलट कळतही नाही.

दुसरं, जोड शोधा. ठसा साधारण तळहाताएवढा असतो. त्यामुळे दर काही इंचांवर एक ठसा संपून दुसरा सुरू होतो. तिथे बोट ठेवून बघा, रेघ केसभर सरकलेली असते किंवा दोन ठसे एकमेकांवर चढून रंग गडद झालेला असतो. स्क्रीन किंवा डिजिटल छपाईत हा जोड असा माणसासारखा चुकत नाही, चुकला तर प्रत्येक वेळी त्याच जागी तसाच चुकतो.

तिसरं, अस्सल नीळ थोडी हाताला लागते, घासलं की ओल्या रुमालावर निळसर येते, त्याला घाबरू नका. पण बादलीभर लाल पाणी म्हणजे रंग बसवलेलाच नाही.

आणि अजरखपूर गाव कसं झालं तेही सांगते. हे छापणारे खत्री लोक पिढ्यानपिढ्या धमडक्याला होते. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण बदललं, रंग बिघडायला लागले, कारण ह्या कामात पाणी हाच अर्धा रंग आहे. मग बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ नवीन गाव वसवलं. एका दुपट्ट्यामागे एवढं असतं. म्हणून साडेसातशेत नैसर्गिक रंगातलं हे काम फुटपाथवर मिळेल असं मला वाटत नाही.

सुरंगी
@रंगरेज, आत्ता दुपट्टा घेऊन बसलेय. जोड सापडला, दर सव्वा फुटावर, आणि एकच फूल प्रत्येक वेळी त्याच जागी तुटलेलं आहे. म्हणजे स्क्रीनच. खूप धन्यवाद, आता पुन्हा नाही फसणार.

बाराबंदी
थोडं वेगळं मत मांडतो. स्क्रीन प्रिंट म्हणजे पाप असल्यासारखं बोलू नका. स्क्रीन ओढणारी पण माणसंच असतात. लांबलचक टेबलावर कापड ताणून, दोघं दोन बाजूंनी चौकट धरून रंग ओढतात, उभ्या उभ्या दिवसभर. त्याच कापडामुळे साध्या पगारातल्या बाईला छान नक्षीचा कुर्ता अडीच-तीनशेत घालता येतो. माझा आक्षेप फक्त खोटं सांगून विकण्याला आहे. स्क्रीन आहे म्हणून सांगा आणि अडीचशेला द्या, मी आनंदाने घेईन.

रंगरेज
@बाराबंदी, पूर्ण मान्य. माझा राग नावाच्या चोरीवर आहे.

लोकलप्रवासी
कोलाबा कॉजवे, लिंकिंग रोड, फॅशन स्ट्रीट : सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करायचं, चालायला लागायचं, हाक आली की परतायचं. वीस वर्षांचा अनुभव आहे.

चिंचपोकळी
निम्मं जुनं झालं, आता तिसरा हिस्सा. सहाशे सांगतात, दोनशेला देतात.

पाटीवाली
वरच्या दोन प्रतिसादांवर राहवलं नाही म्हणून लिहितेय. रागाने नाही.

माझी आई दादर स्टेशनबाहेर बावीस वर्षं बांगड्या आणि कानातली विकायची. पाटी घेऊन बसायची, नंतर लाकडी स्टँड झाला. शाळा सुटली की मी तिथेच बसून अभ्यास करायचे. म्हणून पलीकडच्या बाजूने कसं दिसतं ते सांगते.

आई भाव वाढवून सांगायची, हो. पन्नासची वस्तू ऐंशी. कारण ऐंशीला घेणारं गिऱ्हाईक दहात एक, बाकी सगळे कमी करून मागणारच. सरळ पन्नास सांगितले तर लोक तीस म्हणायचे. सकाळी भवानी व्हायच्या आधी कुणी अगदी खरेदीच्या भावात मागितलं तरी आई देऊन टाकायची, पहिलं गिऱ्हाईक रिकामं पाठवायचं नाही म्हणून. पावसाळ्यात अचानक सर आली की कार्डावरची कानातली भिजून गंजायची, तो आठवडा फुकट. आणि "गाडी आली" अशी आरोळी झाली की सगळं चादरीत गुंडाळून पळायचं, एकदा अख्खं गाठोडं गेलं, दिवाळीच्या आधी आठ दिवस. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आला तेव्हा आईने पेपरातलं कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, ते अजून आहे.

तर भाव करा. आईला भाव करणारी गिऱ्हाइकं आवडायची, गप्पा व्हायच्या, काहीजणी वर्षानुवर्षं यायच्या, माझ्या बारावीचे मार्क विचारून जायच्या. तिला लागायचं ते दुसरंच. वीस मिनिटं भाव करून, सगळे डबे उघडायला लावून, ती हो म्हणाल्यावर "बघते, परत येते" म्हणून निघून जाणं. एवढं नका करू. तुम्ही बोललेल्या भावाला ती हो म्हणाली तर वस्तू घ्या.

लोकलप्रवासी
@पाटीवाली, वाचून गप्प झालो. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी तो चालायला लागायचा प्रकार बऱ्याचदा केलाय, आणि हाक आल्यावरही परतलो नाही असंही झालंय. पुढे नाही करणार.

सुरंगी
पाटीवालीचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिला फार आवडला.

साचेखातं
धाग्याचं नाव वाचून आलो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. त्यांच्याबरोबर कापड घ्यायला जाणं म्हणजे दुकानदाराची परीक्षाच असायची.

ते कापड आधी अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळायचे. मग तोच भाग झटकायचे. पांढरी भुकटी उडाली की कापड खाली ठेवायचे, "खळ आहे, कापड नाही" म्हणून. हलक्या कापडाला वजन आणि कडकपणा यावा म्हणून भरमसाट खळ चढवतात, दोन धुण्यांत ती निघून जाते आणि खाली मच्छरदाणी राहते. हे आजही तसंच आहे, मंगलदासला जाल तेव्हा करून बघा. मग कापड उजेडासमोर धरायचे, उभे-आडवे धागे एकसारखे आहेत का, कुठे जाड-बारीक होतंय का. जाड-बारीक गाठी हातमागाच्या किंवा हातसुताच्या कापडात असल्या तर चालतं, पण गिरणीचं म्हणून विकत असेल तर सूत हलकं. शेवटी काठ ओढून बघायचे, काठ सैल असेल तर शिवल्यावर कुर्ता एका बाजूला फिरतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर आली. वडील परत गिरणीत गेलेच नाहीत. पुढे त्यांनी हिंदमाताला एका कपड्यांच्या दुकानात काम केलं, गादीवर बसून तागे उलगडायचे. मालक चांगला होता. पण घरी आल्यावर ते एकदा म्हणाले होते की विणणाऱ्याचा हात विकायला बसला. हे वाक्य मी विसरू शकत नाही. गिऱ्हाईक कापडाला नीट हात लावून, धागा बघून विचारायचं तेव्हा त्यांना फार आनंद व्हायचा. म्हणून सांगतो, दुकानात कापडाबद्दल विचारा. गादीवरच्या माणसाला पुष्कळ माहिती असते आणि त्याला कुणी विचारत नाही.

चिंचपोकळी
साचेखातं, आमच्याही चाळीत निम्म्या घरांत हीच गोष्ट. "खळ आहे, कापड नाही" हे आजोबांच्या तोंडून ऐकलंय.

शब्दवेल्हाळ
अवांतर : इंग्रजीत जाड निळ्या कापडाच्या कामाच्या पँटला डंगरी म्हणतात तो शब्द आपल्या डोंगरीवरून गेला असं म्हणतात. म्हणजे मंगलदासपासून जरा पुढे चालत गेलं की तुम्ही त्या शब्दाच्या माहेरी पोचता.

मोगरा७
अवांतरात अवांतर : बोहारणी कुणाला आठवतात का? दुपारी "भांडीSSय" ओरडत यायच्या. आईची जरीची साडी आणि बाबांच्या दोन पँटी देऊन एक स्टीलचा डबा, त्यावरून अर्धा तास वाद. आमच्या इमारतीत भाव करायची कला सगळ्यांनी त्यांच्याकडूनच शिकली असणार.

तुळशीबागवाली
आठवतात म्हणजे काय! आणि जुन्या साड्या बोहारणीला दिल्या नाहीत तर त्यांची गोधडी व्हायची. @सुरंगी, तुला भेट सुचली बघ. गोधडी! लहान आकाराची, बाळाची किंवा पायावर घ्यायची. सुती साड्यांच्या थरांची, हाताने धावदोरा घातलेली. न फुटणारी, थंड देशात उपयोगी, आणि दोन गोधड्या सारख्या कधीच नसतात. बचत गटाच्या बायका सुंदर करतात.

काळबादेवीकर
उत्तम. आणि बचत गट म्हटल्यावर महालक्ष्मी सरस. राज्यभरच्या बचत गटांचं प्रदर्शन मुंबईत भरतं, बहुतेक थंडीच्या दिवसांत, तारखा बघून ठेव. तिथे करणारी बाई समोर उभी असते, मधे कुणी नाही. पैठणीपासून पापडापर्यंत सगळं.

कोकणकन्या
माझ्याकडून सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं. पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, ते इतकं हलकं असतं की लाकडी आंबा हातात घेतला तर पोकळ वाटतो. लहान फळांची परडी बॅगेत कुठेही बसते. तिथल्या गंजिफाही बघा, गोल रंगवलेले पत्ते, दशावताराच्या चित्रांचे. त्या महाग असतात, पण वयस्कर जोडप्याला एखादी फ्रेम केलेली जोडी द्यायला फार छान.

वारलीबद्दल पण सांगते. मुंबईत वारली नक्षीचं सगळंच मिळतं, कॉफीचे मग, उशीचे अभ्रे, मोबाईलची कव्हरं, ते बहुतेक छापील. हाताने काढलेलं हवं असेल तर रेघेची जाडी बघा, काडीने काढलेली रेघ सुरुवातीला भरदार आणि शेवटी बारीक होते, आणि नाचणाऱ्या माणसांत कुणाचे हात लांब, कुणाचे आखूड. डहाणू, जव्हारकडचे चित्रकार प्रदर्शनांत स्वतः येतात. जिव्या सोमा म्हसे ह्यांना २०११ मधे पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे ही कला जगभर गेली, हे चित्रासोबत चिठ्ठीवर लिहून दे, जर्मन लोकांना अशी माहिती आवडते.

शनिवारपेठ
चोर बाजार कुणीच कसा लिहिला नाही? मटण स्ट्रीटवर पितळेचे दिवे, जुनी कुलुपं, बरण्या. शुक्रवारी दुकानं बंद. मात्र तिथे "शंभर वर्षं जुनं" म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच नव्याने करून काळं केलेलं असतं. झिजण्याच्या जागा बघायच्या. कडी खरंच वापरात असेल तर हात लागतो तिथेच गुळगुळीत होते. सगळीकडून सारखी काळी असेल तर ती नवीन. आवडली तर जरूर घ्या, नव्याच्या भावात.

पैठणकर
सुरंगीताईंनी विचारलं नाहीये, पण हातकाम ओळखण्यावर चर्चा चाललीच आहे तर पैठणीचं लिहितो. पदर उलटा करा. हातमागावरच्या पदराची नक्षी मागूनही तशीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागावरच्यात मागे धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. पैठणीला २०१० मधे भौगोलिक मानांकन मिळालं. दोन-अडीच हजारात जी "पैठणी" मिळते ती पैठणीच्या नक्षीची साडी असते, ती नेसायला काहीच हरकत नाही, फक्त माहीत असू द्या.

मोगरा७
पैठणकर, मी असं ऐकलंय की काठाला बारीक भोकं असली की हातमाग. खरं का?

पैठणकर
अर्धवट खरं. विणताना कापड ताणून धरायला दोन्ही काठांना टोकदार पट्टी लावतात, तिची भोकं. पण यंत्रमागालाही ताण धरणारी दातेरी चकती असते, तिच्याही खुणा उमटतात. त्यामुळे नुसत्या भोकांवर भरवसा नको, मागची बाजूच बघा. रेशमाची शंका असेल तर पदराच्या गोंड्याचा एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा : केस जळाल्यासारखा वास आणि बोटांत चुरगळणारी राख म्हणजे रेशीम, प्लॅस्टिकसारखा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सिल्क मार्कचं लेबल असेल तर आणखी बरं.

लोकलप्रवासी
दुकानात नका जाळू फक्त!

नवखी_शिंपीण
कापडाबद्दल एकच. सुती आणलं की शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. हातमागाचं तर नक्कीच. माझ्याकडे दर महिन्याला एक तरी ताई "कुर्ता आखडला" म्हणून येते, कुर्ता नाही आखडत, आधी न भिजवलेलं कापड आखडतं. आणि अर्धा मीटर जास्त घ्या. बाही लांब हवी असं नेहमी कापड कापल्यावरच आठवतं.

बाराबंदी
मूळ प्रश्नाकडे परत येतो. हातकामाचा भाव करावा की नाही? मला वाटतं समोर कोण आहे त्यावर अवलंबून आहे. करणारा स्वतः विकत असेल तर विचारावं, किती दिवस लागले, आणि परवडत असेल तर सांगेल ती किंमत द्यावी, नसेल परवडत तर छोटी वस्तू घ्यावी. मधला व्यापारी असेल तर भाव करायला हरकत नाही, कारण तुम्ही जास्त दिले म्हणून ते कारागिराकडे जातातच असं नाही. सुरंगीच्या साडेसातशेतले कच्छला किती गेले? शून्य.

रंगरेज
हे बरोबर आहे, पण एक भर घालते. प्रदर्शनातल्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी लोक मुद्दाम येतात, उरलेला माल परत न्यायचा म्हणून कारागीर पडेल भावात देईल ह्या हिशोबाने. तो देतोही, कारण गाडीभाडं असतं. मी ते बघितलंय, आणि ज्याने दिलं त्याचा चेहराही बघितलाय. तेवढं कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

पाटीवाली
+१

सुरंगी
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून सगळं सांगते.

मंगलदासला बुधवारी गेले, नवऱ्याने सुट्टी काढून मुलाला सांभाळलं. पहिल्या फेरीत खरंच काही घेतलं नाही, फार कठीण गेलं. दुसऱ्या फेरीत एका गादीवर साठीचे काका होते. मी कापड चोळून झटकलं तर ते हसले आणि म्हणाले "किसने सिखाया?" मी म्हटलं, एका गिरणी कामगाराच्या मुलाने. मग त्यांनी बसवूनच घेतलं, चहा मागवला, आणि मलमल, कॅम्ब्रिक, दोन सुती असं काढून प्रत्येकाचं सूत उजेडासमोर धरून दाखवलं. @साचेखातं, तुम्ही सांगितलंत ते अगदी तसंच झालं, विचारलं की भरभरून बोलतात. चार कुर्त्यांचं कापड साडेअकरा मीटर, अस्तरासकट दोन हजार सहाशे. त्यांनी आपणहून शंभर कमी केले. एक निळा तागा ट्यूबखाली घेणार होते, दाराशी नेल्यावर तो जांभळा निघाला, काळबादेवीकर जिंदाबाद.

मग एका हातमाग-हस्तकला प्रदर्शनाला गेले. तिथे कच्छचे एक काका होते छापील कापडाचे. मी पर्समधून तो दुपट्टा काढून दाखवला. त्यांनी उलटा केला, काही बोलले नाहीत, शेजारी स्वतःचा एक अंथरला आणि माझं बोट धरून ठशाच्या जोडावर ठेवलं. निळी फुलं होती, एका फुलाची पाकळी किंचित सरकलेली. म्हणाले, हे माझ्या धाकट्या मुलाने छापलंय, अजून शिकतोय. मी तोच घेतला. अठराशे. भाव नाही केला.

भेटींचं असं : शेजारच्या जोडप्याला छोटी गोधडी, सोलापूरकडच्या गटाच्या ताईंकडून, जांभळ्या-पिवळ्या साड्यांची. ऑफिसातल्या चौघींना सावंतवाडीची फळं. घरमालकीणबाईंना वारलीचं कापडावरचं चित्र, तारपा नाचाचं, काढणारा मुलगा समोर बसून दुसरं रंगवत होता. बारा हजारांच्या थोडं वर गेलं, तो दुपट्टा माझ्यासाठी घेतल्यामुळे.

आणि दादरला बांगड्या घेतल्या, स्टेशनबाहेर. तिने ऐंशी सांगितले, मी साठ म्हटलं, ती हो म्हणाली, मी घेतल्या.

पाटीवाली
सुरंगी, आज आईला वाचून दाखवते.

साचेखातं
त्या काकांच्या दुकानाची गल्ली कुठली? पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन जातोय.

सुरंगी
मशिदीकडच्या दारातून आत शिरलात की डावीकडे वळा, चहावाल्याच्या पुढे तिसरी गादी. आणि @नवखी_शिंपीण, कापड भिजवून वाळवलंय, अर्धा मीटर जास्तही आणलंय. ठाण्यात कुणी बरा शिंपी माहीत असेल तर सांगा, पाच जानेवारीच्या आत हवेत.

नवखी_शिंपीण
मी कळव्यालाच राहते. विपू (विचारपूस) केलीय, तुझ्या पानावर निरोप बघ. मापाचा जुना कुर्ता घेऊन ये, आणि बाही किती लांब हवी ते आधीच ठरवून ये.